दुसऱ्याच्या जागेवर लिहिताना



शेळीपालन, शिवणकाम, मसाले, पापड यांवर आपण या कार्यक्रमात पुष्कळ बोललो. आज मोबाइलवर गोष्टी लिहिणाऱ्या बायकांबद्दल बोलायचं आहे. आपल्या गटांमध्ये अशा मुली आहेत, सुना आहेत. दुपारची भांडी आवरली की घटकाभर बसतात आणि कथेचा एक भाग लिहून ॲपवर टाकतात. ‘प्रतिलिपी’सारख्या ॲपवर मराठी कथा वाचणाऱ्याही आपल्यात खूप जणी आहेत. लिहिणाऱ्यांपैकी काहींना त्यातून थोडे पैसेही मिळतात. रक्कम लहान असेल, पण ती त्यांच्या नावावर, त्यांच्या खात्यात येते. म्हणून आम्ही या कामाला छंद म्हणून बाजूला सारत नाही.

गेल्या काही बैठकांत आम्हाला दोन प्रश्न विचारले गेले. पहिला असा : लिखाणाच्या कंपन्या माणसं कमी करतात असं ऐकतो, मग आमच्या लिखाणाचं काय होईल? दुसरा असा : ॲपवरच्या कमाईच्या भरवशावर गटातून कर्ज द्यावं का? पहिल्याचं उत्तर समजलं की दुसऱ्याचं सोपं होतं. त्यासाठी एका कंपनीची हकिकत सांगतो. ती अमेरिकेतली आहे, पण त्यातून शिकण्यासारखं आपल्यालाही आहे.

‘मीडियम’ नावाची एक कंपनी आहे. इव्हान विल्यम्स यांनी ती २०१२ मध्ये सुरू केली. त्याआधी ‘ब्लॉगर’ आणि ‘ट्विटर’ सुरू करणाऱ्यांमध्येही ते होते. कल्पना सरळ होती. जागा कंपनीची, लिखाण तुमचं. कोणीही यावं, लिहावं, वाचक आपोआप मिळतील. अशा जागेला प्लॅटफॉर्म म्हणतात. आठवडी बाजारासारखंच आहे ते. ओटा बांधून दिलेला, माल आपला, गिऱ्हाईक बाजाराला येणारं.

आता बाजार चालवायला खर्च येतो. सुरुवातीला हा खर्च बहुतेक वेळा मोठ्या गुंतवणूकदारांच्या पैशातून होतो. वाचक वाढत असतात, लेखक वाढत असतात, सगळं भरभराटीचं दिसतं. पण वाचक जास्त म्हणजे नफा जास्त, असं नसतं. लाखो लोक फुकट वाचत असले तर खर्चच वाढतो. मग एक दिवस पैसे घालणारे विचारतात, कमाई कुठे आहे? तेव्हा कंपनी आपली रीत बदलते. कधी जाहिराती, कधी वर्गणी, कधी आणखी काही. आणि रीत बदलली की माणसं कमी होतात.

मीडियममध्ये हेच झालं. २०१६ मध्ये अनेक छोटी ऑनलाइन मासिकं आपला संसार उचलून मीडियमच्या जागेवर गेली. जाहिरातींचं काम कंपनी बघणार होती. जानेवारी २०१७ मध्ये कंपनीने ५० माणसं कमी केली, म्हणजे दर तिघांमागे जवळपास एक. न्यूयॉर्क आणि वॉशिंग्टनची कार्यालयं बंद केली. जाहिरातींवर चालणारी पद्धत मुळातच बिघडलेली आहे, असं मालकांचं म्हणणं होतं. त्याच वर्षी कंपनीने वाचकांकडून महिना ५ डॉलर वर्गणी घ्यायला सुरुवात केली. निर्णय कंपनीच्या दृष्टीने बरोबर असेलही. पण जाहिरातींच्या आशेने आलेल्या मासिकांचा सगळा हिशोब एका घोषणेत कोलमडला.

त्या मासिकांत एक होतं ‘द हेअरपिन’. हेअरपिन म्हणजे केसाची पिन. २०१० मध्ये सुरू झालेलं, बायकांनी बायकांसाठी चालवलेलं मासिक. तेही २०१६ मध्ये मीडियमवर गेलं होतं. पुढच्या वर्षी ते तिथून बाहेर पडलं आणि जानेवारी २०१८ मध्ये बंद झालं. लहान मासिकांना जाहिराती मिळणं तेव्हा सगळीकडेच अवघड झालं होतं, त्यामुळे सगळं खापर एका कंपनीवर फोडता येत नाही.

पण पुढे जे झालं ते नीट ऐका. मासिक बंद पडल्यावर काही वर्षांनी त्याच्या नावाचा इंटरनेटवरचा पत्ता एका परक्या माणसाने विकत घेतला. २०२४ च्या सुरुवातीला बातमी आली, की त्या पत्त्यावर आता कॉम्प्युटरकडून लिहून घेतलेला मजकूर भरला जातो आहे. जुने, लोकांना आवडलेले काही लेख ठेवले होते. पण ज्या बायकांनी ते लिहिले त्यांची नावं काढून तिथे पुरुषांची नावं टाकली होती.

मैत्रिणींनो, सातबाऱ्यावर नाव लागावं म्हणून आपण किती वर्षं भांडतो आहोत! घराच्या उताऱ्यावर बाईचं नाव लागलं की आपण पेढे वाटतो. इथे तर बायकांनी स्वतः लिहिलेल्या लेखांवरून त्यांचं नाव पुसलं गेलं. म्हणून हा प्रश्न नुसत्या चार पैशांचा नाही.

मीडियमची गोष्ट अजून संपलेली नाही. वर्गणीच्या पैशातून कंपनीने स्वतःची काही मासिकं काढली, पगारी संपादक नेमले. २०१९ मध्ये ‘झोरा’ नावाचं मासिक सुरू झालं, ते गोऱ्या नसलेल्या स्त्रियांसाठी होतं. ज्यांना इतर ठिकाणी जागा मिळत नव्हती त्यांना तिथे मिळाली. २०२१ च्या सुरुवातीला कंपनीतल्या कर्मचाऱ्यांनी आपली संघटना करायचं ठरवलं. त्यासाठी बहुमत लागत होतं आणि ते एका मताने हुकलं. त्याच मार्च महिन्यात कंपनीने संपादकीय विभागातल्या लोकांपुढे प्रस्ताव ठेवला, की ठराविक रक्कम घ्या आणि स्वखुशीने नोकरी सोडा. बरेच जण गेले. २०२२ मध्ये विल्यम्स यांनीही प्रमुखपद सोडलं आणि टोनी स्टबलबाइन आले. कंपनी आजही चालू आहे, लोक तिथे लिहितात, कमावतातही. म्हणजे बाजार उठला नाही. पण दहा वर्षांत त्याचे नियम कितीदा बदलले ते बघा.

आता मुद्द्याचं. नोकरी गेली ती कर्मचाऱ्यांची. त्याचा लेखिकेशी काय संबंध? संबंध असा, की आपलं लिखाण कोणीतरी वाचून निवडत असतं. तक्रार केली तर कोणीतरी उत्तर देत असतं. पैसे अडकले तर कोणीतरी सोडवत असतं. तेच माणूस गेलं तर आपली दाद घेणार कोण? बँकेत नवीन साहेब आले की गटाची फाइल परत पहिल्यापासून समजावून सांगावी लागते, तसंच. आणि नोकरदाराला जाताना निदान हिशोब मिळतो. बाहेरून लिहिणारीला नोटीस नाही, भरपाई नाही, मतही नाही.

सोलापूरच्या विडी वळणाऱ्या बायकांचं उदाहरण आपल्याला माहीत आहे. त्याही घरी बसून काम करतात आणि हजार विड्यांमागे मजुरी घेतात. पण १९६६ च्या विडी कामगार कायद्याने घरी विड्या वळणारीलाही कामगार मानलं. तिला ओळखपत्र आहे, तिचा फंड कापला जातो. हे आपोआप मिळालं नाही, ते एकीने टिकवावं लागलं. घरी बसून कथा लिहिणारीला ॲपच्या लेखी असं कामगाराचं नातं नसतं. म्हणून तिने आपली काळजी आपणच जास्त घ्यायला हवी.

असं फक्त एकाच कंपनीत घडतं असंही समजू नका. ‘वॉटपॅड’ ही कॅनडातली कथांची मोठी कंपनी, २००६ ची. २०२१ मध्ये ती दक्षिण कोरियाच्या ‘नेव्हर’ कंपनीने विकत घेतली आणि २०२३ मध्ये तिथे ४२ जण कमी केले गेले. ॲमेझॉनने २०२१ मध्ये ‘किंडल व्हेला’ नावाने भागाभागाने कथा वाचायची सोय सुरू केली. वाचक पुढचा भाग उघडायला पैसे भरायचे. ऑक्टोबर २०२४ मध्ये बंद करणार असं जाहीर झालं आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये ती बंद झालीसुद्धा. एवढी श्रीमंत कंपनी, तरी चार वर्षंही पुरी झाली नाहीत.

मग लिहिणं सोडायचं का? मुळीच नाही. बाजारात भाव पडतो म्हणून आपण पेरणी सोडत नाही. पण बियाणं घरात राखून ठेवतो. तसंच करायचं. काय काय करायचं ते एक एक करून सांगतो, वहीत लिहून घ्या.

पहिलं, प्रत आपल्याकडे ठेवा. कथा थेट ॲपमध्ये लिहू नका. आधी वहीत किंवा मोबाइलच्या नोंदवहीत लिहा, मग ॲपवर टाका. प्रत्येक भाग स्वतःच्याच ईमेलवर पाठवून ठेवा, म्हणजे तारखेची नोंदही राहते आणि मोबाइल हरवला तरी लिखाण राहतं. बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हतं. मुलगा सोपानदेव आणि घरच्यांनी त्यांची गाणी ऐकून उतरवून ठेवली, म्हणून १९५२ मध्ये, त्या गेल्यानंतर, त्यांचं पुस्तक निघालं. जी उतरवली गेली ती राहिली, बाकीची त्यांच्याबरोबर गेली. आपल्याला तर लिहिता येतं.

दुसरं, हक्क समजून घ्या. आपल्या देशाच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे स्वतःहून लिहिलेल्या कथेची पहिली मालकीण लिहिणारी असते. त्यासाठी कुठे नोंदणी करावीच लागते असं नाही. हा हक्क आयुष्यभर आणि मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो, म्हणजे मुलाबाळांनाही मिळतो. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो. किती वर्षांसाठी ते लिहिलेलं नसेल तर कायदा पाच वर्षं धरतो. म्हणून कोणी कागद पुढे केला, किंवा मोबाइलवर ‘मान्य आहे’ दाबायला सांगितलं, तर आधी चार गोष्टी बघा. हक्क किती वर्षांसाठी मागितले आहेत? हीच कथा दुसरीकडे देता येईल का? सिनेमा, मालिका, आवाजातली कथा यांचे हक्क कोणाकडे जातात? आपलं नाव राहणार का? समजलं नाही तर गटात वाचून घ्या, शिकलेल्या मुलीला विचारा. घाईने अंगठा दाबू नका.

तिसरं, पैशाचा हिशोब. ॲपवर दिसतो तो आकडा आणि खात्यात जमा होते ती रक्कम, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पैसे काढता येण्याइतके झाले की लगेच खात्यात घ्या, तिथेच साठवून ठेवू नका. तारीख आणि रक्कम वहीत लिहा. नियमित हिशोब हे आपल्या पंचसूत्रीतलंच सूत्र आहे.

चौथं, एकाच बाजारावर बसू नका. एक कथा ॲपवर, एक दिवाळी अंकाला, एक तालुक्याच्या पेपरला, एक आपल्या या रेडिओला. तुमच्या वाचकांना तुमचं नाव आणि गाव माहीत असू द्या, म्हणजे जागा बदलली तरी ते तुम्हाला शोधत येतील.

पाचवं, फसवणूक. कंपनीत गडबड असली की भामटे जागे होतात. ‘तुमचं खातं बंद होणार आहे, चालू ठेवायला पैसे भरा, ओटीपी सांगा’ असा फोन आला तर फोन ठेवून द्या. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० या नंबरवर तक्रार करा.

आता कर्जाचा प्रश्न. लिहिणाऱ्या बाईला कर्ज द्या, ती कमावती आहे. पण हप्ता ठरवताना मागच्या बारा महिन्यांत तिच्या खात्यात खरोखर काय जमा झालं ते पासबुकात बघा. पुढे काय मिळेल हा अंदाज धरू नका. बारापैकी सगळ्यात कमी पैसे ज्या महिन्यात आले, तो महिना समोर ठेवा. त्या महिन्यातही घरच्या इतर कमाईतून हप्ता भरता येत असेल, तर कर्ज द्या. नसेल तर रक्कम कमी करा. नवा मोबाइल घेऊन कथा लिहीन आणि कथेच्या पैशातून मोबाइल फेडीन, असं कोणी म्हणाली तर तिला आधी सहा महिने आहे त्या मोबाइलवर लिहायला सांगा. यात तिचा अपमान नाही. दूध डेअरी बंद पडली तर म्हशीचा हप्ता कसा भरणार, हे आपण विचारतोच की!

आणि शेवटचं. लिहिणाऱ्या बायका बहुतेक एकेकट्या लिहितात. नियम बदलले तर शेजारच्या गावातल्या लेखिकेलाही तेच झालं आहे, हे त्यांना कळत नाही. आपल्या ग्रामसंघात अशा कितीजणी आहेत त्यांची यादी करा. महिन्यातून एकदा त्यांनी एकत्र बसावं. कोणाचे पैसे आले, कोणाचे अडकले, कोणता नियम बदलला ते एकमेकींना सांगावं. दहा जणींनी मिळून एक पत्र पाठवलं तर कंपनी ते एकटीच्या तक्रारीपेक्षा लवकर वाचते.

यादी झाली की आमच्याकडे पाठवा. पुढच्या महिन्यात प्रभागसंघाच्या कार्यालयात या सगळ्या जणींची पहिली बैठक घ्यायचं आम्ही ठरवलं आहे. येताना पासबुक, कथांची वही आणि मोबाइल घेऊन या. ज्यांच्या कथांची प्रत अजून काढलेली नाही, त्यांची प्रत त्याच दिवशी बसून काढू.