जन्माचा गुन्हेगार कोणीं ठरविला?

(गांवच्या चावडीपुढें दिलेलें भाषण)



चोरी केली तर गुन्हा, हें आपणां सर्वांस कळतें. पण ज्यानें अजून कांहींच केलें नाहीं, तो गुन्हेगार कसा? सन १८७१ सालीं इंग्रज सरकारनें तसा कायदाच केला. सुताराचा मुलगा सुतार, विणकराचा विणकर, तसा चोराचा मुलगा चोरच, असें कायदा करणारे धरून चालले. ही अक्कल त्यांस आमच्याच जातिभेदाकडे पाहून सुचली. भिक्षुकशाहीनें जन्मावरून उंचनीच ठरविलें, साहेबानें जन्मावरून गुन्हा ठरविला. (कोंडवाड्याचा कायदाही त्याच १८७१ सालचा. जनावर कोंडण्याचा व माणूस कोंडण्याचा असे दोन्ही एका वर्षांत!)

आरंभीं तो उत्तरेकडे होता, १९११ च्या कायद्यानें मुंबई इलाख्यांतही आला. पारधी, कैकाडी, भामटे यांचीं नांवें नोंदवहींत चढलीं. बोटांचे ठसे, रोजची हजेरी, परवान्यावांचून गांव सोडावयाचा नाहीं. सोलापुरास तारेच्या कुंपणांत वसाहत झाली, आणि तेथील माणसें गिरण्यांत राबलीं.

हे लोक आधीं काय करीत होते? लमाण बैलांच्या पाठीवर मीठ व धान्य नेत. आगगाडीनें तो धंदा बुडविला. पारधी रानांत फांसे लावी. १८७८ च्या जंगल कायद्यानें राखीव रानांतली शिकार गुन्हा झाली. माणूस तोच, फांसाही तोच. बदलला तो सरकारी कागद.

आपण कुणबी-कारागीर यांतून सुटलों असें समजूं नका. १८७५ सालीं सुप्यास शेतकऱ्यांनीं सावकारांचीं खतें जाळलीं. बेड्या शेतकऱ्यांसच पडल्या. खोटें खत लिहिणारा सावकार फिर्यादी म्हणून मिरवला. चारच वर्षांनीं सरकारनें नवा कायदा करून खतामागचा हिशेब तपासण्याची मुभा कोर्टास दिली. म्हणजे तक्रार खरी होती!

कोल्हापुरांत शाहू छत्रपतींनीं १९१८ सालींच ही हजेरी बंद केली. बाकी देशांत जुना कायदा जावयास ३१ ऑगस्ट १९५२ उजाडावें लागलें. पुढें १९५९ सालीं मुंबई राज्यांत सराईत गुन्हेगारांचा कायदा आला. त्यांत जातीचें नांव नाहीं खरें, पण फौजदाराची नजर जुनीच राहिली. २०२४ सालीं सुप्रीम कोर्टानें तुरुंगांच्या नियमांतले जातिभेद रद्द केले, तेव्हां या जमातींस जन्मजात गुन्हेगार समजण्याची खोड तेथपर्यंत टिकून होती हें उघड झालें. आणि गांवांत? कोंबडी हरवली तरी पहिली शिवी पालाकडे जाते.

जूनमध्यें पालावरचीं मुलें शाळेंत घालावयाचीं आहेत. त्यांजवळ जन्माचा दाखला नसतो. २००९ च्या कायद्याप्रमाणें वयाच्या दाखल्यावांचून प्रवेश नाकारतां येत नाहीं, ती काळजी शाळेची. आपण इतकेंच करावें: वर्गांत कोणाची पाटी-पेन्सिल हरवली, तर त्यांचेंच दप्तर आधीं उघडावें असें आपल्या मुलांस शिकवूं नये, आणि त्यांस शेवटच्या ओळींत बसवा असें सांगावयास शाळेंत येऊं नये.