मेंदूतली गाठ आणि मिरगी

पावसाळ्यात वर्धा नदीला पूर येऊन राजुरा-बल्लारपूर पूल पाण्याखाली गेला, की वाहतूक आडवळणाने वळते आणि भलत्याच ठिकाणी कोंडी होते. मेंदूत गाठ वाढते, तेव्हाही काहीसं असंच घडतं.

मेंदूचे निरनिराळे भाग चेतातंतूंच्या जाळ्याने जोडलेले असतात. ग्लायोमा जातीची गाठ आसपास ग्लुटामेट हे उत्तेजक रसायन जादा सोडते. शेजारच्या पेशी त्यामुळे चेततात, एकाच वेळी विजेचे संदेश धाडू लागतात आणि मिरगीचा झटका येतो. परिणाम गाठीपुरता राहत नाही. ईईजी आणि फंक्शनल एमआरआय तपासणीत दूरच्या भागांमधला ताळमेळही बदललेला दिसतो. म्हणूनच काहींना विसर पडतो, काहींना नेमका शब्द सुचत नाही.

झटका म्हणजे दर वेळी अंग आखडणं नव्हे. एकाच हाताला मुंग्या येणं, ओठाचा कोपरा फडफडणं, बोलता बोलता शून्यात पाहत राहणं, नसलेला वास येणं, हेही झटके असू शकतात.

प्रत्येक मिरगीमागे गाठ नसते. पण मोठ्या वयात पहिल्यांदाच झटका आला, तर डॉक्टरांना दाखवून मेंदूची तपासणी करून घ्या. झटका आलेल्या माणसाला कुशीवर वळवा. तोंडात चमचा घालू नका, नाकाला कांदा किंवा चप्पल लावू नका. 5 मिनिटांत झटका थांबला नाही, तर 108 क्रमांकावर फोन करा. आणि मिरगीच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका.