सही करण्याआधी

१० डिसेंबर हा मानवी हक्क दिन. १९४८ साली याच दिवशी संयुक्त राष्ट्रांनी मानवी हक्कांचा जाहीरनामा मंजूर केला. त्याच्या मसुद्यात 'सर्व पुरुष समान' असे शब्द होते. भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता यांनी ते बदलायला लावले. 'सर्व माणसे समान' झाले.

आपल्या नाशिकने समानता त्याआधीच मागितली होती. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. त्यात बायाही होत्या. पाच वर्षांतही दार उघडले नाही. पण पुढे राज्यघटनेने समानतेचा हक्क दिला.

कागदावरचा हक्क आपण मात्र सहज सोडतो. २००५च्या कायद्याने हिंदू कुटुंबाच्या वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच वाटा आहे. तरी 'ताई, सही कर' म्हटले, की हक्कसोडपत्रावर अंगठा उमटतो. भावाला द्यायचे तर खुशाल द्या. पण वाचून, समजून, स्वतःच्या मनाने.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीने माहेरचा सातबारा आणावा. सगळ्या मिळून वाचू.