काजवे, अंधार आणि वेगवान भिंग



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ हे व्याख्यान योजिले आहे, त्यांनी विज्ञानाच्या तासाला आम्हांला प्रथम पाहावयास आणि मग बोलावयास शिकविले. म्हणून एखादा भारदस्त विषय न घेता, कॅमेरा घेऊन अनेक वर्षे जे पाहिले त्यातील थोडेसे आपणांपुढे ठेवतो. विषय काजव्याएवढाच लहान आहे.

मराठीत मार बसला की डोळ्यांपुढे काजवे चमकतात, आणि कोणाला कमी लेखावयाचे असले की त्याला सूर्यापुढचा काजवा म्हणतात. संस्कृतात मात्र त्याचे नाव खद्योत, म्हणजे आकाशात चमकणारा. आपल्या बेळगावहून जांबोटीमार्गे चोर्ला घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या रानात मे महिन्याच्या अखेरीस, वळवाच्या सरी पडून गेल्यावर, हे नाव सार्थ वाटू लागते.

काजवा हा भुंगेऱ्यांच्या गणातील कीटक आहे. त्याच्या पोटाच्या टोकाशी ल्युसिफेरिन नावाच्या द्रव्याचा प्राणवायूशी संयोग होतो आणि उजेड पडतो. त्यात उष्णता जवळजवळ नसतेच. ओल्या मातीत गोगलगाईंवर वाढणाऱ्या अळीचे आयुष्य महिनोन्‌महिन्यांचे, तर पंख फुटलेल्या काजव्याचे थोड्या आठवड्यांचे. तेवढ्या अवधीत नराने मादीला शोधावयाचे असते. अनेक जातींत उडता नर ठरावीक तालात चमकतो आणि गवतात वा झुडपात बसलेली मादी त्याला चमकूनच उत्तर देते. आपण ज्याला शोभा म्हणतो तो त्यांचा संवाद आहे, ही गोष्ट पुढील विवेचनासाठी ध्यानात ठेवावी.

आता भिंगाकडे वळू. छायाचित्रकार ज्याला फास्ट लेन्स किंवा वेगवान भिंग म्हणतात, त्यात धावण्यासारखे काही नसते. नाभीय अंतराला छिद्राच्या व्यासाने भागले की जो आकडा येतो तो एफ क्रमांक. ५० मिलिमीटरचे भिंग एफ १.४ चे असेल, तर त्याचे छिद्र सुमारे ३६ मिलिमीटर रुंद असते. तेच एफ ५.६ वर ठेवले तर सुमारे ९ मिलिमीटर. व्यास चौपट म्हणजे क्षेत्रफळ सोळापट, आणि तितकाच अधिक प्रकाश आत येतो. अंधाराला सरावलेल्या डोळ्याची बाहुली फार तर ७-८ मिलिमीटर उघडते, हे लक्षात घेतले म्हणजे अशा भिंगाचे सामर्थ्य कळते.

पण काजव्यांच्या बाबतीत एक गंमत आहे. अंधुक दृश्य उजळावयाचे असेल तर आपण शटर अधिक वेळ उघडे ठेवतो. काजव्याची चमक मात्र सेकंदाच्या काही अंशात संपते. पुढे शटर कितीही वेळ उघडे ठेवले, तरी त्या एका चमकेचा ठिपका अधिक तेजस्वी होत नाही. वाढते ती ठिपक्यांची संख्या आणि उजळत जाते ती मागची झाडी व आकाश. एकेका चमकेचे तेज दोनच गोष्टींवर अवलंबून राहते : भिंगाचे छिद्र आणि कॅमेऱ्याची संवेदनशीलता. वेगवान भिंगाची खरी कसोटी येथे लागते.

त्याचे दोषही आहेत. पूर्ण उघडलेल्या छिद्राने स्पष्टतेची खोली फार कमी होते. जवळून गेलेला काजवा ठिपका न राहता मोठी फिकट चकती होऊन बसतो. म्हणून मी सूर्यास्तापूर्वीच जागेवर पोहोचतो, तिपाई रोवतो, उरलेल्या उजेडात झाडावर भिंग स्थिर करतो आणि त्याचे कडे चिकटपट्टीने बांधून टाकतो. अंधार पडल्यावर बॅटरी लावण्याची वेळच येऊ नये, एवढीच त्यामागची योजना.

या भिंगांचा इतिहासही हेच सांगतो. १८४० मध्ये योझेफ पेत्सवाल यांनी गणिताने आखलेले भिंग आले आणि व्यक्तिचित्रासाठी माणसाला मिनिटामिनिटांपर्यंत ताटकळत बसविण्याची गरज संपत गेली. १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात एरिक झालोमोन यांनी एर्मानॉक्स या लहान कॅमेऱ्याच्या एफ २ च्या भिंगाने न्यायालये आणि राजनैतिक परिषदा टिपल्या. मॅग्नेशियमच्या भुकटीचा भडका न उडविता त्यांनी मुत्सद्द्यांना जांभया देताना, कुजबुजताना पकडले. १९४४ साली आउश्वित्झच्या छळछावणीत त्यांचा अंत झाला. पण प्रसंगात ढवळाढवळ न करता तो टिपण्याची रीत त्यांनी मागे ठेवली. १९७५ च्या 'बॅरी लिंडन' या चित्रपटात स्टॅन्ली कुब्रिक यांनी मेणबत्त्यांच्या उजेडातील प्रसंग एफ ०.७ च्या भिंगाने चित्रित केले. मूळचे हे भिंग त्साइस कंपनीने अमेरिकेच्या अंतराळ संस्थेसाठी घडविले होते.

मीही दशावताराचे रात्रीचे खेळ आणि गाण्याच्या मैफली याच भिंगाने टिपल्या आहेत. आलापीच्या मध्यात फ्लॅश उडविणे म्हणजे बोलणाऱ्याच्या तोंडावर हात ठेवणे होय. काजव्यांच्या बाबतीत ते शब्दशः खरे आहे. घाटाच्या वळणावरून एखादी मोटार दिवे फेकीत आली, की लुकलुकणारे झाड विझल्यासारखे होते. मोटार गेल्यावर काही वेळाने ते पुन्हा पेटू लागते. तेवढा वेळ त्यांच्या थोडक्या रात्रींतून वजा झालेला असतो. २०२० साली जगभरच्या तज्ज्ञांचे मत घेऊन झालेल्या अभ्यासात काजव्यांपुढील मोठ्या संकटांत अधिवासाचा नाश, कीटकनाशके आणि कृत्रिम प्रकाश ही तिन्ही गणली गेली आहेत.

यात आम्हा छायाचित्रकारांचा वाटा आहे, हे स्पष्ट बोलले पाहिजे. हल्ली शंभर-शंभर चित्रे संगणकावर एकावर एक रचून रान सोन्याने भरल्यासारखे दाखवितात. हे तंत्र गैर नाही. वीस सेकंदांचे एक चित्रदेखील काळाची बेरीजच असते. परंतु ही बेरीज किती मिनिटांची आहे हे चित्राखाली न लिहिणे गैर आहे. ते चित्र पाहून भंडारदरा, पुरुषवाडी, राजमाचीकडे गर्दी लोटते. डोळ्यांना तसे काही दिसत नाही, म्हणून निराश झालेला प्रेक्षक मोबाईलचा दिवा लावून काजवे शोधू लागतो. त्याच्या पायांखाली गवतातील माद्या असतात. ज्या चित्राने अंधाराविषयी प्रेम उपजावे, तेच अंधार नाहीसा करू लागते. म्हणून माझ्या प्रत्येक चित्राखाली मी शटरचा काळ आणि चित्रांची संख्या लिहितो, नेमकी जागा लिहीत नाही.

विद्यार्थी मित्रहो, आपल्यापैकी बहुतेकांजवळ महाग भिंग नसेल. त्याची आवश्यकताही नाही. येत्या जूनच्या आरंभी घरच्या वडीलधाऱ्यांना बरोबर घेऊन एखाद्या बांधावर उभे राहा. वाटेत लागणारा दिवा पायांपुरता ठेवा आणि तेथे पोहोचताच मालवा. डोळे अंधाराला पुरते सरावण्यास अर्धा तास लागतो, तेवढा धीर धरा. मग एकच काजवा निवडून त्याच्या दोन चमकांमधले अंतर मोजा आणि वहीत तारखेनिशी लिहून ठेवा. दरवर्षी त्याच बांधावर, त्याच दिवसांत काजवे मोजले, तर दहा वर्षांनी या शाळेकडे एक मोलाची नोंद जमा होईल. गुरुजी असते तर पुढच्या सोमवारी त्यांनी ती वही तपासावयास मागितली असती.