निकालाची प्रत कुणाच्या हातात?

बंगळुरूत कायदा शिकणाऱ्यांशी बोलायचं म्हटलं की नागरभावीचं नॅशनल लॉ स्कूल आठवतंच. तिथे १९८८ साली पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाची पहिली तुकडी आली. संस्थापक संचालक माधव मेनन यांनी पुस्तकाइतकाच प्रत्यक्ष कामातून शिकण्यावर भर दिला. तरी पदवी घेताना आपल्याला काय काय यायला हवं, हे मी तुम्हाला बनावट पदव्यांच्या खटल्यावरून सांगणार आहे. हसू नका.

होसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य, १९७८. आरोपी स्वतः विद्यापीठात शिकवणारा. कर्नाटक विद्यापीठाचा खोटा शिक्का बनवून घेण्याचा प्रयत्न त्याने केला. सत्र न्यायालयाने त्याला न्यायालय उठेपर्यंत कैद आणि दंड, एवढ्यावर सोडलं. उच्च न्यायालयाने नोव्हेंबर १९७३ मध्ये ती शिक्षा वाढवून तीन वर्षांची केली. सर्वोच्च न्यायालयात त्याचा अर्ज आला तो चार वर्षांहून अधिक उशिरा. तोवर शिक्षा भोगूनही झाली होती. त्याचं म्हणणं, निकालाची प्रत मला वेळेत मिळालीच नाही. प्रत तुरुंगाकडे गेली होती, पण त्याच्या हातात पडल्याची सही कुठेच नव्हती.

न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी अर्ज फेटाळला. मात्र तो फेटाळताना नियम घालून दिला: कैद्याला निकालाची प्रत वेळेत आणि फुकट द्यायची, पोच लेखी घ्यायची, आणि वकील परवडत नसेल तर तो सरकारी खर्चाने द्यायचा.

आता बघा. अनुच्छेद २१ आणि ३९-अ तुमच्यापैकी प्रत्येकाला पाठ आहेत. पण ‘पोच कुठे आहे?’ हा प्रश्न किती जणांना सुचला असता? आणि शिक्का बनवायला निघालेल्या माणसासाठी तो विचारावासा वाटला असता का? माझ्या मते परीक्षा इथे आहे. मूट कोर्टात बक्षीस मिळवणं त्या मानाने सोपं.

तसंच विधी सेवा प्राधिकरण कायद्याचं, १९८७ चा. त्याच्या कलम १२ प्रमाणे मोफत वकील मिळायला स्त्रियांना, मुलांना, अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना, कोठडीतल्या माणसाला उत्पन्नाची अट नाही. तरी मदत मागायला आलेल्या बाईला आपण आधी विचारतो, ‘पगार किती?’

मी हे वरून सांगत नाही. वकिलीच्या पहिल्या वर्षी माझ्या एका पक्षकार बाईंना जामीन मिळाला. त्या कन्नड बोलणाऱ्या, माझं कन्नड मोडकंतोडकं. घाईत मी म्हणालो, ‘मुगीतु’. संपलं. मला म्हणायचं होतं, आजचं काम संपलं. त्या समजल्या, खटला संपला. पुढच्या तारखेला त्या आल्याच नाहीत, आणि वॉरंट निघालं. पोलीस दारात आले तेव्हा त्यांनी शेजाऱ्यांना सांगितलं, माझ्या वकिलानेच संपलं म्हणून सांगितलंय. खरंच होतं ते.

वॉरंट रद्द करून घेतलं. मग कन्नडची शिकवणी लावली. इथल्या खालच्या कोर्टात त्याशिवाय चालतही नाही. आणि आता तारीख सांगितली की मी थांबतो. पुढच्या वेळी कुठे यायचं, कशासाठी, कधी, हे पक्षकाराकडूनच वदवून घेतो. उत्तर नीट येईपर्यंत फाईल बांधत नाही.