रंग काढायचा, पण कोणाच्या हातून?

(रस्त्याकडच्या गाळ्यांच्या इमारतीला रंग काढण्याचं काम ठरवण्यासाठी ऑगस्टमध्ये भरलेल्या विशेष सर्वसाधारण सभेत एका गाळेधारक सभासदाने केलेलं भाषण.)



सचिवांनी मला पंधरा मिनिटं दिली आहेत. त्यातलं पहिलं मिनिट खुलाशाला घेतो. खालच्या गाळ्यात माझं हार्डवेअरचं आणि रंगाचं दुकान आहे, हे तुम्हाला माहीत आहेच. या कामाला लागणारा रंग, पुट्टी, ब्रश, काहीही माझ्या दुकानातून जाणार नाही. तसं पत्र मी कमिटीला दिलेलं आहे. अमक्यालाच काम द्या, असंही मी सांगणार नाही. पाच जणांनी कोटेशन द्यायची तयारी दाखवली आहे, त्यांतले तिघं माझे गिऱ्हाईक आहेत. पण काउंटरमागे उभा राहून पंचवीस वर्षं मी कंत्राटदार बघतोय. कोण काय घेतो, किती घेतो आणि काय घ्यायचं टाळतो, हे दुकानदाराला जेवढं दिसतं तेवढं इंजिनिअरलाही दिसत नसेल. त्यातलं उपयोगाचं तेवढं सांगतो.

मागच्या सभेत एका काकूंनी विचारलं होतं, की गाळेवाल्यांच्या भिंतीला आमच्या फंडातले पैसे का? प्रश्न रास्त आहे. उपविधीप्रमाणे दुरुस्ती-देखभाल निधी बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.७५ टक्के आणि सिंकिंग फंड किमान ०.२५ टक्के गोळा होतो. तो फ्लॅटवाल्यांनीही भरलाय आणि गाळेवाल्यांनीही. बाहेरची भिंत कोणा एकाची नसते, संस्थेची असते. दोन्ही राहत्या इमारतींचा रंग झाला तेव्हा गाळेवाल्यांनी हा प्रश्न विचारला नव्हता, एवढंच नम्रपणे सांगतो. शटर मात्र ज्याचं त्याने रंगवायचं.

आता मुद्द्यावर येतो. गेले पंधरा दिवस व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच चर्चा चालू आहे : स्क्वेअर फुटाला किती? माझं म्हणणं असं, की हा प्रश्न शेवटी विचारायचा. कारण ‘किती’च्या आधी ‘कशाचे’ हे ठरलेलं नसतं.

साधी गोष्ट बघा. आपल्या इमारतीची दर्शनी बाजू १२० फूट लांब आहे. तळमजल्याची उंची १२ फूट धरा. म्हणजे १४४० चौरस फूट. पण त्यात आठ बाय नऊची दहा शटरं आहेत, ती झाली ७२० चौरस फूट. निम्मी! कंत्राटदाराने समोरची बाजू सरसकट भिंत म्हणून मोजली, तर जिथे ब्रश लागणारच नाही तिथले पैसे आपण देणार. राहत्या इमारतीत खिडक्यांची वजावट कशी धरायची यावर थोडंफार इकडेतिकडे होतं, गाळ्यांच्या इमारतीत हा फरक अंगावर येतो. दोन रुपये कमी भाव लावणारा मोजमापात चार रुपये वसूल करू शकतो. म्हणून मोजमाप आधी, सगळ्यांसाठी एकच, आणि ते आपण काढून द्यायचं. मी आणि सिव्हिलला असलेला आपला एक तरुण सभासद, आम्ही दोघांनी टेप लावून काढलंय. वजावट जाऊन साधारण १२,००० चौरस फूट भरतं.

हा आकडा आणखी एका कामाला येतो. चांगल्या प्रतीचा बाहेरचा इमल्शन, दोन हात मारायचे तर सपाट भिंतीवर लिटरला साधारण ५० ते ६० चौरस फूट जातो. म्हणजे १२,००० फुटांना २०० ते २४० लिटर, वीस लिटरचे दहा ते बारा ड्रम. आपलं प्लास्टर खरबरीत आहे, अजून दोन-तीन लागतील. आता काम संपल्यावर सहाच रिकामे ड्रम निघाले, तर दुसरा हात कुठे गेला ते विचारायचं. रंगात पाणी किती घालायचं ते ड्रमवर छापलेलं असतं. ड्रम आपल्या वॉचमनसमोर उघडला जावा, आणि रिकामे ड्रम शेवटच्या बिलापर्यंत आपल्या जागेत राहावेत. चांगला कंत्राटदार या अटीला हसून हो म्हणतो. ज्याच्या कपाळाला आठी पडते, त्याची आठी लक्षात ठेवा.

कोटेशनमध्ये नुसतं कंपनीचं नाव चालणार नाही. ‘एशियन पेंट्स’ असं लिहिलं की आपण निर्धास्त होतो. ब्रश घेऊन उभा असलेला तो गट्टू आपल्या सगळ्यांच्या डोळ्यांत बसलाय. (१९५४ साली आर. के. लक्ष्मण यांनी काढलेला. आमच्या धंद्यात यापेक्षा भारी सेल्समन झाला नाही.) पण त्याच कंपनीचा एस वेगळा, एपेक्स वेगळा आणि एपेक्स अल्टिमा वेगळा. दुसऱ्या कंपन्यांचंही असंच, प्रत्येकीच्या तीन-चार पायऱ्या असतात, आणि वरच्या नि खालच्या पायरीच्या भावात भरपूर अंतर असतं. तेव्हा मालाचं पूर्ण नाव हवं, प्रायमर कोणता ते हवं, हात किती ते हवं. जीएसटी धरून की वेगळा, हेही. १८ टक्के म्हणजे थोडीथोडकी रक्कम नाही. तेवढ्याने पहिला नंबर तिसरा होतो.

हे सगळं कागदावरचं झालं. खरी पारख होते ती कंत्राटदार भिंत बघायला येतो तेव्हा. काही जण येतात, गाडीतूनच वर बघतात आणि शेडकार्ड काढतात. साहेब, ग्रे आणि पिवळा, एकदम मॉलसारखं दिसेल. दुसरा एक येतो, तो शेडचं नावही काढत नाही. हातोडीच्या दांड्याने भिंतीवर टकटक करत जातो. जिथे प्लास्टर सुटलंय तिथे बद्द आवाज येतो, तिथे खडूने गोल करतो. छज्जाच्या खाली हात फिरवतो. गच्चीवर जाऊन पाइपांची तोंडं बघतो. आणि गाळ्यांच्या इमारतीत तर तो आमच्या बोर्डांच्या मागे डोकावतो.

या बोर्डांबद्दल जरा जास्त बोलतो, कारण आपल्या भिंतीचं दुखणं तिथेच आहे. पंचवीस वर्षांत प्रत्येक गाळ्याचा बोर्ड तीन-चार वेळा बदलला. भाडेकरू बदलला की बोर्ड बदलतो. दर वेळी ड्रिल मारून नवे बोल्ट, जुनी भोकं तशीच. वरून एसीचे स्टँड, केबलच्या क्लिपा. पाऊस आपल्याकडे पश्चिमेकडून झोडपतो, पाणी या भोकांतून आत शिरतं, लोखंडाला गंज धरतो, गंजलेलं लोखंड फुगतं आणि प्लास्टर पुढे ढकलतं. मग फार्मसीच्या वर पोपडे का येतात, असं आपण विचारतो. त्यावर रंगाचे चार हात मारा, काही होणार नाही. रंग गळती थांबवत नाही, झाकतो. तोही एखादा पावसाळा.

म्हणून माझी सूचना आहे, की भिंत बघायला येणाऱ्याने बोर्डांबद्दल स्वतःहून विचारलं का, हे कमिटीने टिपून ठेवावं. बोर्ड कोण उतरवणार, भोकं कशाने भरणार, परत लावताना कुठे लावणार, बोर्डाच्या वायरी कोण काढणार. आणि रंगाच्या आधी स्ट्रक्चरल ऑडिटही करून घ्यावं. इमारत १५ ते ३० वर्षांची असेल तर दर पाच वर्षांनी ते करायचंच आहे, उपविधीतच आहे. कंत्राटदाराने खडूने काढलेले गोल आणि ऑडिटरचे गोल किती जुळतात, ते बघायला मजा येईल.

आता जरा अप्रिय बोलतो, आणि ते माझ्याच गाळेधारक भावांना लागणार आहे. सगळ्यांचं म्हणणं आहे की दिवाळीच्या आधी रंग व्हावा. दुकानदाराला दिवाळी म्हणजे काय, ते मला सांगायला नको. पण पाऊस आपल्याकडून परततो तो साधारण ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात. चार महिने पाणी प्यायलेली भिंत आठ दिवसांत सुकत नाही. ओल्या भिंतीवर रंग मारला की आतली वाफ बाहेर यायला बघते आणि रंगाला फोड येतात. लोणा लागून पांढरं फुटतं ते वेगळंच. शिवाय जिथे प्लास्टर पाडून नवं करायचंय, ते प्लास्टर रंगाआधी निदान २८ दिवस ठेवावं लागतं. हिशोब करा : ऑक्टोबरअखेर पाडापाडी, नोव्हेंबरात प्लास्टर, रंग डिसेंबरच्या शेवटी नाहीतर जानेवारीत. ‘दिवाळीच्या आधी करून देतो’ असं जो कंत्राटदार म्हणेल, त्याला भिंत कळत नाही, किंवा कळते आणि काम सोडायचं नाहीये. दोन्ही आपल्याला नकोत.

मला ठाऊक आहे, रौप्यमहोत्सव डिसेंबरात आहे. प्रमुख पाहुणे येणार, फोटो निघणार, आणि तेव्हा समोरची भिंत ठिगळं लावल्यासारखी दिसणार. ‘समारंभापुरती पुढची बाजू तरी मारून घेऊ’ असा एक प्रस्ताव आहे. माझा त्याला विरोध आहे. ठिगळं दिसू देत. फोटो काढायला बागेची बाजू आहे. पुढची बाजू दोनदा रंगवायचे पैसे फंडात नाहीत.

आता परांची आणि झुल्याबद्दल. माझ्या दुकानात दोर किलोवर विकला जातो. झुल्यासाठी दोर घ्यायला माणूस येतो, तेव्हा तो पहिला प्रश्न काय विचारतो ते मी ऐकत असतो. बरेच जण विचारतात, किलोचा भाव काय? फार थोडे दोर हातात घेऊन पीळ उलगडून बघतात. आणि झुल्याचा दोर वेगळा नि पट्ट्याचा दोर वेगळा, असे दोन दोर घेणारे तर बोटांवर मोजण्यासारखे. झुल्याला जो दोर, त्यालाच सेफ्टी बेल्ट अडकवला तर झुला तुटल्यावर बेल्टचा उपयोग काय? बेल्टचा दोर वर गच्चीत दुसऱ्या ठिकाणी बांधलेला हवा.

काही वर्षांपूर्वी जवळच्याच एका इमारतीवर काम करणारा पेंटर दुसऱ्या मजल्यावरून पडला. इमारतीचं नाव सांगत नाही. जीव वाचला, पाय गेल्यातच जमा झाला. तिसऱ्या दिवशी त्याची बायको माझ्या दुकानात आली, कडेवर मूल. कंत्राटदाराचा पत्ता आहे का, विचारत होती. फोन बंद लागत होता. माझ्याकडे बिलबुकात मोबाइल नंबर होता, तोच तिच्याकडेही होता. ती त्या सोसायटीतही जाऊन आली होती. तिथेही तोच दहा आकडी नंबर. एवढं लाखाचं काम दिलं, चेक दिले, पण माणूस राहतो कुठे हे एकालाही माहीत नव्हतं. सभासदांनी वर्गणी काढून काही पैसे दिले. त्याला कामावर ठेवणारा मात्र पुन्हा दिसला नाही.

तेव्हा कंत्राटदाराचा राहता पत्ता, पॅन आणि कामगारांच्या विम्याची म्हणजे वर्कमेन्स कॉम्पेन्सेशनची पॉलिसी, हे काम सुरू होण्याआधी सचिवांच्या फाइलीत असलं पाहिजे. पॉलिसीत मुदत आणि कामगारांची संख्या बघा. चार माणसांची पॉलिसी आणि झुल्यावर नऊ, असं चालणार नाही. आणि काम करणारा मुकादम कोण, तो आधी समोर हवा. बोलणी करायला एक जण येतो, काम तो दुसऱ्याला देतो, दुसरा तिसऱ्याला. तिसऱ्याच्या हातात येईपर्यंत भाव इतका उतरलेला असतो की दोर नवा घ्यायला पैसेच उरत नाहीत.

आपल्याकडे खाली फूटपाथ आहे, हेही विसरू नका. संध्याकाळी पाच ते आठ क्लासची मुलं, दवाखान्याचे पेशंट. वर काम चालू असताना खाली फळ्यांचं छप्पर आणि हिरवी जाळी हवी, ती कोटेशनमध्येच लिहून घ्यायची. खरवडायचं, घासायचं काम सकाळी दहाच्या आत. कपड्यांच्या दुकानावर धूळ उडाली की पहिली तक्रार माझ्याकडेच येणार. दुकानांची इमारत चालू ठेवून रंगवण्याचं काम ज्याने केलंय, त्यालाच हे वेळापत्रक जमतं. त्याने तीन पावसाळ्यांपूर्वी केलेलं एखादं काम बघून या, मागच्या महिन्यातलं नको. पश्चिमेची भिंत बघा आणि तिथल्या वॉचमनला चहा पाजा, सगळं सांगेल.

पैशांबद्दल दोनच वाक्यं. ॲडव्हान्स दहा टक्क्यांच्या वर नको, पुढचे हप्ते झालेल्या कामाप्रमाणे. आणि शेवटचे दहा टक्के पुढचा पावसाळा गेल्यावर, सप्टेंबरअखेर भिंत बघून. या अटीमुळे पाचांतले दोघं गळतील असा माझा अंदाज आहे.

पाकिटं पुढच्या सभेत उघडायची आहेत. त्याआधी, येत्या रविवारी सकाळी आठ वाजता पाचही जणांना आपापल्या मुकादमासह बोलावलंय. तेव्हा पाऊस असला तर उत्तमच, गळती स्वतः दिसेल. गाळेधारकांनी शनिवारी रात्री दुकान बंद करताना बोर्डाची वीज बंद करावी, म्हणजे सकाळी मागे हात घालता येईल. चार नंबर आणि सात नंबरच्या बोर्डांचे बोल्ट गंजलेत, ते उतरवायला मी माणूस सांगितलाय. शिडी मी देतो. फ्लॅटमधल्या कोणाला यायचं असेल तर जरूर या, खडू मी आणतो.