रिपोर्टवरची दोन अक्षरं

मी जोह्याहून बोलतेय, बचत गटांचं काम बघते. आज हप्त्याचा आणि कर्जाचा विषय नाही. आज बोलायचंय रक्ताच्या रिपोर्टवरच्या शब्दांबद्दल.

सिकलसेलचं नाव तुम्ही ऐकलं असेल. १ जुलै २०२३ ला या आजाराची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. चाळीस वर्षांपर्यंतच्या माणसांची तपासणी करायची, असं त्यात ठरलंय. आपल्या राज्यात विदर्भात आणि नंदुरबारकडे हा आजार जास्त आहे. पेण-रोह्यातही कातकरी, ठाकूर वाड्या आहेत, म्हणून आपल्यालाही याची माहिती हवी. तपासणी झाली की हातात कागद येतो आणि त्यावर ‘एएस’ किंवा ‘एसएस’ अशी दोन अक्षरं असतात. ती नीट कळली नाहीत तर घरात भांडणं होतात. एका ताईच्या कागदावर ‘एएस’ आलं, तर सासू म्हणाली, “माहेरून रोग घेऊन आली.” त्या ताईला कुठलाच रोग नव्हता.

आधी तीन शब्द वेगळे करू. एकाकडून दुसऱ्याला लागतो तो संसर्गजन्य आजार, जसा क्षय. जन्माच्या वेळीच असतो तो जन्मजात. त्याचं कारण गरोदरपणातलंही असू शकतं. आईबापांच्या रक्तातून पिढीजात उतरतो तो आनुवंशिक. सिकलसेल आनुवंशिक आहे. एका ताटात जेवल्याने, शेजारी झोपल्याने तो लागत नाही.

आता जनुक म्हणजे काय? आपल्याकडे गणपतीचे कारखाने आहेत, साचा सगळ्यांना ठाऊक आहे. जनुक म्हणजे शरीरातला साचा. रक्ताला लाल रंग देणारं आणि अंगभर प्राणवायू पोचवणारं हिमोग्लोबिन अशाच साच्यातून तयार होतं. त्यातल्या एका भागासाठी प्रत्येकाकडे दोन साचे असतात, एक आईकडून आलेला, एक बापाकडून. साच्याला टवका गेला असेल तर त्यातून निघणाऱ्या प्रत्येक मूर्तीला तो दिसतो. सिकलसेलमध्ये तसंच होतं. तो भाग म्हणजे १४६ मण्यांची माळ समजा. तिच्यातला फक्त सहावा मणी बदललेला असतो. तेवढ्याने रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात. इंग्रजीत सिकल म्हणजे विळा.

‘एए’ म्हणजे दोन्ही साचे चांगले. ‘एएस’ म्हणजे एक चांगला, एक टवका गेलेला. अशा माणसाला वाहक म्हणतात. त्याचं रोजचं काम, शेत, बाळंतपण सगळं सहसा इतरांसारखंच होतं. वाहक आहे म्हणून पुढे तो रुग्ण होत नाही. ‘एसएस’ म्हणजे दोन्ही साचे तसले, तो रुग्ण. चांगली लाल पेशी साधारण १२० दिवस टिकते, रुग्णाची दहा-वीस दिवसांत फुटते. म्हणून रक्त कमी पडतं, डोळे पिवळे होतात. वाकड्या पेशी बारीक नसांत अडकल्या की हातपाय, पाठ, छाती असह्य दुखते. ते नाटक नसतं.

आणखी एक शब्द, पॉझिटिव्ह. पहिली साधी चाचणी असते सोल्युबिलिटी. ती पॉझिटिव्ह आली तर वाहक की रुग्ण हे तिच्यातून कळत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही दुसरी तपासणी लागते. ती होईपर्यंत कुणाला रोगी म्हणू नका.

आता लग्नाचं. नवराबायकोपैकी एक वाहक आणि दुसरा ‘एए’ असेल, तर मूल सिकलसेलचं रुग्ण होत नाही. वाहक होऊ शकतं. दोघंही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता रुग्णाची, चारात दोन वाहकाची, चारात एक पूर्ण निरोगी बाळाची. हा हिशोब दर वेळी नव्याने होतो. पहिली दोन मुलं चांगली झाली म्हणून तिसऱ्याची खात्री नसते. आणि नीट ऐका, बाळ ‘एसएस’ झालं तर एक साचा आईचा असतो आणि एक बापाचा. एकट्या सुनेचा दोष कधीच नसतो. खरं तर दोष कुणाचाच नसतो. जिथे जीवघेणा हिवताप पिढ्यान्‌पिढ्या होता, तिथे वाहक मुलं जास्त वाचली, म्हणून हा साचा तिथे टिकून राहिला.

म्हणून मुलीची एकटीची तपासणी करून थांबू नका, मुलाचीही करा. दोघं वाहक निघाले तर लग्नाआधी डॉक्टरांचा सल्ला घ्या. लग्न झालेलं असेल तर दिवस राहिल्याबरोबर सांगा. गर्भाची तपासणी सुरुवातीच्या महिन्यांत होऊ शकते. मुंबईत परळला केईएमच्या आवारात नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी ही सरकारी संस्था या कामात आहे.

घरात ‘एसएस’ मूल असेल तर पाणी भरपूर पाजा, थंडीत ऊब द्या, उन्हात फार राबवू नका. फॉलिक ॲसिडची गोळी चुकवू नका, लसी वेळेवर द्या. लोहाच्या गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारूनच. रक्त फुटतं म्हणून कमी असतं, लोह कमी असेलच असं नाही. ताप आला, दम लागला, दुखणं थांबेना, तर भगताकडे वेळ घालवू नका, थेट दवाखाना गाठा. हायड्रॉक्सीयुरिया नावाच्या औषधाने दुखण्याचे झटके कमी होतात, त्याबद्दल डॉक्टरांना विचारा.

पुढच्या मासिक बैठकीत दहा मिनिटं या विषयाला द्या. आशाताईंना बोलवा. ज्यांच्याकडे रिपोर्ट आहेत त्यांनी ते जपून ठेवा, आधार कार्डाबरोबर ठेवलेत तरी चालेल. आणि कुणाचा रिपोर्ट चारचौघींत वाचू नका. तो तिचा आहे, सांगायचा की नाही ते तीच ठरवेल.